काळी, पांढरी आणि मळी

सांगलीच्या बाजारात हिवाळ्यात वांग्यांची पाटी दिसली की मी अजून विचारते, “मळीची हाईत का?” विकणारी म्हातारी असेल तर हसते. तरुण पोराला प्रश्न कळत नाही. त्याला मळी म्हणजे साखर कारखान्याची मळी, जी नदीत उतरली की मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात ती. माझ्या आजोळची मळी वेगळी. कृष्णेच्या पात्राकडं उतरत गेलेली, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा उघडी पडणारी गाळाची पट्टी.

वारणा जिथं कृष्णेला मिळते, त्या हरिपूरपासून आजोळ फार लांब नव्हतं. आज्जा म्हणायचा, गावाला काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचं. पांढर म्हणजे गावठाणाची उंच जागा, जुन्या माणसांनी पाणी कुठवर येतं ते पिढ्यान्‌पिढ्या बघून निवडलेली. मग मळी कुणाची? “ती कृष्णामाईची. चार म्हैनं तिची, आठ म्हैनं आपल्याला वापराय दिती.” सातबाऱ्यावर नाव आज्ज्याचंच होतं, तरी तो असंच बोलायचा.

पाणी चढायला लागलं की तो कंदील घेऊन काठावर जायचा आणि पाण्याच्या कडेला तुराटी रोवून यायचा. तासाभरानं पुन्हा जायचा. तुराटी बुडाली की दुसरी, थोडी वर. कृष्णा फुगली की वारणेचं पाणी आत शिरत नाही, मागं वळून शेतांत पसरतं. त्याला तो ‘फूग’ म्हणायचा. फुगीचं पाणी शांत, गढूळ, वर काडीकचऱ्याचा फेस. आज्जी त्या पाण्याची ओटी भरायची, आणि घरात सगळ्यांना हुलग्याचं माडगं.

गोठ्याच्या भिंतीवर आज्ज्यानं पुराच्या रेघा ओढल्या होत्या, काव कालवून, बोटानं. आकडे नाहीत, त्याला लिहिता येत नव्हतं. एका रेघेशेजारी पाळणा काढलेला होता. आई म्हणायची, ती माझ्या जन्माची रेघ. मावशी म्हणायची, नाही, माझ्या. दोघी आता नाहीत, वाद तसाच राहिला.

मिरगाच्या पहिल्या पावसात ओढ्यांतून मासे वर चढायचे. चढणीचे मासे. पाणी भरलेल्या बांधांआड, लव्हाळ्यात अंडी घालायला जायचे. मामा नि त्याचे सोबती धोतर पसरून झिंगे धरायचे, कधी मरळ. मात्र पोटात गाबोळी असलेला मासा सोडायचा, असा आज्ज्याचा दंडक होता, असं मामा सांगतो. आज्जी मात्र म्हणायची, गाबोळीच सगळ्यात चवीची लागते. तेव्हा दंडक किती पाळला गेला, देव जाणे. पण पिल्लं वाढायला ती पसरलेली, उथळ, कोमट पाण्याची जागा लागते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पाणी उतरलं की मळीवर नवा पोयटा. वरून सुकल्यासारखा, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. आठ-दहा दिवसांनी भेगा पडायच्या, मग नांगर न लावता तिथं वांगी, काकड्या, वरच्या अंगाला हरभरा आणि शाळू. शेणखताची गरज नाही. ती काटेरी वांगी आज्जी दाण्याचं कूट आणि तीळ भरून चुलीवर ठेवायची. शाळूच्या भाकरीबरोबर. बिया जाणवतच नसत. काठाच्या उभ्या दरडीत पाकोळ्यांची बिळं असायची, आणि दरड धरून ठेवायला वाळुंजाची झाडं.

१९६० नंतर कोयनेचं धरण झालं. १०५ टीएमसीचं. वीज आली, उन्हाळ्यात नदीला पाणी आलं, त्याचं ऋण मी विसरणार नाही, आमच्या घरातले दिवे त्यावरच लागले. पण दरसालचा लहान पूर बारीक होत गेला. मळीवर पाणी येईना, तेव्हा लोकांना वाटलं आता कधीच यायचं नाही. उपशाच्या मोटारी बसल्या आणि ऊस पार पाण्याच्या कडेपर्यंत गेला. वाळुंज तुटले. पोयटा वीटभट्ट्यांना गेला, पात्रातली वाळू बांधकामांना. बारमाही पाणी पाजून मिरज-शिरोळकडच्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या. सखल भागात भराव टाकून रस्ते झाले, ओढ्यांवर घरं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा नकाशावर आहेत. आज्ज्याची तुराटी तेच काम करत होती, फक्त ती सगळ्या गावाला दिसायची.

असं झालं की लहान पूर गेला आणि मोठा तेवढा राहिला. जो गाळ द्यायचा तो गेला, जो घरं नेतो तो राहिला. मला याचं फार वाईट वाटतं.

२००५ साली सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. हरिपुरात हळदीची पेवं होती, जमिनीत खणलेली, अरुंद तोंडाची, दोन पुरुष आणि त्याहून खोल. लहानपणी मी एक पेव उघडताना पाहिलं आहे. आधी झाकण काढून हवा खेळू दिली, मग दोरीनं कंदील खाली सोडला. ज्योत विझली तर माणूस उतरायचा नाही. ती तेवत राहिली, तेव्हा हमाल उतरला, आणि वर आला तो पिवळाजर्द. त्या मातीत वर्षानुवर्षं हळद कोरडी राहायची. २००५ च्या पाण्यानं ती पेवं भरली, हळद कुजली, आणि बहुतेकांनी पुन्हा पेव भरायचं धाडस केलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तर पाणी ५७ फुटांवर. मामा पोटमाळ्यावर दोन रात्री होता. २०२१ ला पुन्हा. गोठ्याच्या भिंतीवर कुणी रेघ ओढली नाही, गाळानंच ओढली, पाळण्याच्या कितीतरी वर. मामानं भिंत अजून रंगवलेली नाही.

त्यानंतर नदीकडेच्या दोन पट्ट्यांतला कुजलेला ऊस त्यानं काढला आणि पुन्हा लावला नाही. शेजारी त्याला वेडा म्हणतात. गेल्या मार्गशीर्षात गेले तेव्हा बांधाला हातभर उंचीची वाळुंजाची रोपं होती. मामानं पिशवीत वांगी भरली, देठांना गाळ तसाच.

“काटं हाईत गं,” म्हणाला, “बघून धर.”