‘पैगंबर’ या शब्दाचे दोन अर्थ : जेरोम झेवियरचे फारसी ग्रंथ

मोगल दरबारीं राहिलेल्या जेझुइट पाद्र्यांच्या फारसी ग्रंथांत ‘पैगंबर’, ‘इंजील’, ‘मसीह’ हे शब्द वारंवार येतात. मुसलमान ग्रंथकारांच्या लेखनांतहि हेच शब्द आहेत. शब्द एक म्हणून अर्थहि एकच, असें धरून चालल्यास मात्र त्या काळच्या वादाचें मर्म हातीं लागत नाहीं.

रोदोल्फो आक्वाविवा, आंतोनियो मोन्सेरात व फ्रान्सिस्को हेन्रिकेस हे १५७९ च्या नोव्हेंबरांत गोव्याहून निघाले व १५८० त फत्तेपूर सिक्रीस पोंचले. आंतवर्प येथें छापलेल्या अनेकभाषी बायबलाचे खंड त्यांनीं अकबरास नजर केले. पुढें १५९५ त तिसरें मंडळ लाहोरास आलें. त्याचा प्रमुख जेरोम झेवियर. अब्दुस्सत्तार बिन कासीम लाहोरी याच्या साह्यानें त्यानें १६०२ त ‘मिरआत-उल्-कुद्स’ हें ख्रिस्तचरित्र सिद्ध केलें. १६०९ त ‘आईना-इ-हक्कनुमा’ हा वादग्रंथ पुरा झाला. पहिला ग्रंथ १६३९ त लेडन येथें लॅटिन भाषांतरासह छापला गेला. पण संपादक लुई द द्यू हा प्रॉटेस्टंट असल्यानें झेवियरनें मूळ कथेंत भेसळ केली असा ठपका त्यानें ग्रंथनामांतच ठेविला आहे.

आतां मूळ भेद पाहूं. इस्लामी मतें ईश्वर मनुष्यांतूनच पैगंबर निवडतो व त्याच्याकरवीं आपली आज्ञा कळवितो. आदमापासून ही परंपरा चालत येऊन महंमद पैगंबरापाशीं संपते. ईसा हा तींतीलच एक थोर पैगंबर. इंजील हा त्याजवर उतरलेला ग्रंथ. ख्रिस्ती मतें पूर्वीचे पैगंबर हे येणाऱ्या तारकाचे सूचक होत. ख्रिस्त संदेश आणणारा नव्हे, तर देह धरून आलेला ईश्वरी शब्दच. आणि शुभवर्तमान हें त्याजवर उतरलेलें नसून त्याच्याविषयीं चौघांनीं लिहिलेली साक्ष होय. म्हणजे इस्लामांत कुराणाचें जें स्थान, तें ख्रिस्ती धर्मांत बायबलाचें नसून प्रत्यक्ष ख्रिस्ताचें आहे.

दुसरा भेद पैगंबराच्या आचरणाविषयीं. पैगंबर पापापासून रक्षिलेले असतात, या सिद्धांतास ‘इस्मत’ म्हणतात. बायबलांत मात्र दाविद राजाचें पातक व पश्चात्ताप उघडपणें वर्णिले आहेत. जहांगिराच्या दरबारांतील वादांत हाच दाविद पुढें आल्याचें जेझुइटांच्या वृत्तांतांवरून दिसतें. मुसलमान पंडितांस ही कथा पैगंबराची निंदा, म्हणजेच ग्रंथांत फेरफार झाल्याचा पुरावा वाटे. पाद्र्यांस तीच निष्पाप तारकाची आवश्यकता दाखविणारी वाटे. एकाच कथेवरून दोघे उलट अनुमानें काढीत, याचें कारण दरबारी हट्टांत नसून या सिद्धांतभेदांत आहे.

झेवियरच्या ‘सत्यदर्शक आरशा’स इस्फाहानच्या सय्यद अहमद अलवी यानें १६२२ च्या सुमारास ‘मिस्कल-इ-सफा’ लिहून उत्तर दिलें. ‘मिस्कल’ म्हणजे आरसा घांसून उजळण्याचें साधन. नांवांतच प्रत्युत्तर आहे. त्यावर फिलिप्पो ग्वादान्योली यानें १६३१ त रोमहून लॅटिन खंडन प्रसिद्ध केलें.

ख्रिस्ती बाजूची कल्पना मराठी वाचकास थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणां’त (राचोल, १६१६) स्पष्ट दिसते. हाहि जेझुइट, व १५७९ तच गोव्यास आलेला. त्याच्या ग्रंथाचे दोन भाग आहेत : पहिल्या पुराणांत सृष्टीपासूनची जुन्या करारांतील कथा, दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र. पहिलें दुसऱ्याची पूर्वतयारी आहे. इस्लामी पैगंबरकथांत अशी मांडणी संभवत नाहीं. तेथें प्रत्येक पैगंबर तोच एकेश्वरी संदेश पुन्हा सांगतो.

म्हणून फारसी पोथीवर ‘इंजील’ किंवा ‘अहवाल-इ-मसीह’ असें नांव दिसतांच तिची नोंद करून मोकळें होऊं नये. ख्रिस्ताचा वधस्तंभावरील मृत्यु तींत सांगितला आहे कीं नाकारला आहे, दाविदाचें पातक येतें कीं गाळलें जातें, आणि इंजील ईसावर ‘उतरली’ कीं शिष्यांनीं ‘लिहिली’ असें म्हटलें आहे, या तीन गोष्टी आधीं पाहाव्या. पोथी कोणत्या परंपरेंतील, याचा निर्णय वेष्टनावरील नांवापेक्षां यांवरून अधिक खात्रीनें होईल.