अंगणात गेलेली शाळा

रांझीसारख्या ठिकाणी नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींच्या घरी सायंकाळी एक प्रसंग हटकून घडतो. मूल शाळेचा हिंदी-इंग्रजी अभ्यास उरकून खेळावयास निघते, तोच त्याच्यापुढे मराठीची अंकलिपी येते आणि त्याचा चेहरा उतरतो. मातृभाषा त्याच्या लेखी आणखी एक शिक्षा होऊन बसते. यात दोष मुलाचा की आमच्या रीतीचा, याचा निवाडा करण्यापूर्वी थोडा इतिहास आठवणे उचित होईल.

तो इतिहासही परप्रांतातच सुरू होतो. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत बालगृह उघडले. त्यांच्या विचाराने भारावलेले गिजुभाई बधेका वकिली सोडून शिक्षणाकडे वळले आणि १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. छडी व घोकंपट्टी यांना तेथे मज्जाव होता. मुलाचे कुतूहल नेईल त्या वाटेने शिक्षण चाले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक या कार्यात सामील झाल्या. परभाषी प्रांतात मिळालेली ही विद्या त्यांनी पुढे महाराष्ट्रात आणली.

१९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाईंनी खेड्यातील मुलांसाठी काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात गेली. महागड्या साधनांच्या जागी खडे, शिंपले, पाने व बिया आल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झाले. जी मुले गुरांमागे जात, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली. मुलाच्या हाताशी जे होते आणि त्याचे मन जेथे रमत होते, तेच पहिले पाठ्यपुस्तक ठरले. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला.

आमच्या मुलांचे अंगण जबलपूर आहे. धुवांधारचे पाणी धुरासारखे का दिसते? मदनमहालाजवळचा तोललेला खडक १९९७ च्या भूकंपातही कसा पडला नाही? तोफगाडीच्या कारखान्यात १९०४ पासून काय काय घडले? हे प्रश्न मूल विचारतेच. “आता अभ्यास कर” असे म्हणून आम्ही ते परतवून लावतो, आणि मराठीला घरात शिरण्याची एक वाट आपल्याच हाताने बंद करतो. त्याच प्रश्नाचे उत्तर सावकाश, रसाळ मराठीत दिले, मुलाने वेचलेल्या दगडांची नावे त्याच्याकडूनच चिठ्ठीवर लिहून घेतली, तर अंकलिपी त्याला परकी वाटणार नाही.

बदलीच्या गावी मराठी शाळा नाही, ही आमची तक्रार खरी आहे. परंतु अंगण प्रत्येक घराला आहे.