आभाळातून पडलेलं

आमच्या घरात आभाळाचा इतिहास वरून काय पडलं त्यावरून सांगितला जायचा. रॉकेट कधी उडालं, चंद्रावर आधी कोण उतरलं, हे आम्ही पुस्तकांत वाचलं. आजी, नाना, मोठी काकू यांच्या बोलण्यात मात्र आभाळ यायचं ते जमिनीवर आदळूनच. ही पिढी आता सरत आली आहे. त्यांचं सांगणं नुसत्या गोष्टी म्हणून सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण त्यात नीट पाहिलेलं पुष्कळ आहे.

आजीचं माहेर लोणारकडचं. तिथल्या तळ्याची कथा ती सांगायची: लोणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या विवरात राहायचा, वर भलंथोरलं दगडी झाकण. विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेतलं, दैत्याच्या बहिणींकडून त्याचा ठावठिकाणा काढला, पायाच्या अंगठ्याने झाकण उडवलं आणि त्याला मारलं. तळ्यातलं पाणी हे त्याचं रक्त, आणि काठावर साचणारा खार म्हणजे त्याचं मांस. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ याच कथेचं. आजी पुढं स्वतःचं जोडायची: वर धारेचं पाणी गोड, खाली उतरलं की तळ्याचं पाणी तोंडात धरवत नाही, हात घातला तर बोटं बुळबुळीत होतात. त्या खाराला दल्ला, पापडी अशी नावं होती.

ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी 1823 मध्ये लोणारची नोंद केली. पुढची दीडशे वर्षं बहुतेक जाणकार त्या विवराचं कारण जमिनीच्या पोटात, ज्वालामुखीत शोधत राहिले. सगळं दख्खन लाव्हाने बनलेलं असताना तसं वाटणं साहजिकच होतं. शेवटी तळाशी खोल छिद्रं घेऊन नमुने काढले, आणि 1973 साली कर्ट फ्रेडरिकसन आणि त्यांच्या भारतीय-अमेरिकी सहकाऱ्यांनी पुरावा मांडला: तळाच्या भग्न बेसाल्टमधल्या फेल्डस्पारची काच झाली होती. ती काच नुसत्या उष्णतेने होत नाही, त्याला प्रचंड आघाताचा दाब लागतो. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा हा खड्डा आभाळातून आलेल्या पाषाणाने पाडलेला होता.

लोणासुराची कथा रचणाऱ्यांनी तो आघात पाहिला असणं शक्य नाही. विवराचं वय कुणी पन्नास हजार वर्षं काढतं, कुणी पावणेसहा लाख. पण काठावर उभं राहून पाहा. खालचे थर उलटून वर आले आहेत, आतून भिरकावलेला दगडमाल बाहेर दूरवर पसरला आहे. उडालेलं झाकण ज्यांनी कल्पिलं, त्यांनी हे दगड निरखले होते, अशी माझी खात्री आहे. 2020 च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसं झाल्याचं तपासणीत निघालं. आजी तोवर राहिली नव्हती, पण तिला त्या रंगाचं नवल वाटलं नसतं.

शास्त्रज्ञांना लोणार एवढं मोलाचं वाटतं ते चंद्रामुळे. चंद्रावरचे काळसर डाग म्हणजे गोठलेल्या लाव्हाची मैदानं, म्हणजे बेसाल्टच. 1969 मध्ये अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी तिथून जे दगड आणले त्यातही तो होता. बेसाल्टवर अशनी आदळला की काय होतं, हे पृथ्वीवर इतक्या चांगल्या स्थितीत दाखवणारी जागा लोणारसारखी दुसरी क्वचितच. आणि वेरूळचं कैलास लेणं ज्यातून कोरलं तो काळा पाषाणही याच जातीचा. आजी आम्हाला चंद्रावरचा ससा दाखवायची. तो आमच्या वेरूळच्या दगडाचा आहे, हे तिला सांगायचं राहून गेलं.

नानांचं आभाळ वेगळं, ते रेडिओतून आलं. 1979 चा आषाढ. अमेरिकेने 1973 मध्ये सोडलेली स्कायलॅब नावाची पाऊणशे टनांची प्रयोगशाळा खाली येणार होती. तिच्यावर तीन तुकड्या राहून गेल्या होत्या, सूर्याची अप्रतिम छायाचित्रं काढून गेल्या होत्या. 1974 पासून ती रिकामी फिरत होती. सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त तापट निघाला, त्याच्या ऊर्जेने वातावरणाचा वरचा थर फुगला, त्या विरळ हवेशी घासून स्कायलॅबचा वेग आणि उंची घटत गेली. तिला वर ढकलू शकणारं स्पेस शटल अजून तयारच नव्हतं.

आमचं घर औरंगपुऱ्यातलं, जुन्या माळवदाचं. सागवानी तुळया, वर हातभर पांढऱ्या मातीचा थर. गल्लीत मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्या होत्या. तिथली बायापोरं वळकट्या घेऊन आमच्या माजघरात झोपायला आली. पत्र्यापेक्षा माळवद बरं, एवढाच हिशेब. नाना शाळेत मास्तर. त्यांनी नकाशाची वही उघडली आणि कंदिलापाशी सगळ्यांना दाखवलं: ही विषुववृत्ताच्या वर पन्नास अंश आणि खाली पन्नास अंश एवढ्या पट्ट्यातून फिरते. म्हणजे आपण त्यात, पण चीन, आफ्रिका, अमेरिकाही त्यात, आणि या पट्ट्यात जास्त काय आहे तर समुद्र. भीती जाईना, पण बायकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती फेऱ्या मारते? दिसते का? पडताना आवाज होईल का? नाना सांगायचे, तसा वर्ग त्यांना शाळेत कधी मिळाला नाही.

गुरुपौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. 11 जुलैला, आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेल्यावर, ती हिंदी महासागरावर आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात तुकडे होऊन कोसळली. कुणाला इजा झाली नाही. बातमी कळल्यावर गल्लीने सुटकेचा श्वास टाकला. आजीने तेवढं विचारलं, “तिकडं माणसं राहत न्हाईत का?” नानांकडे लगेच उत्तर नव्हतं. तिकडे एस्परन्स नावाचं गाव होतं, आणि तिथल्या स्थानिक प्रशासनाने कचरा टाकल्याबद्दल नासाला 400 डॉलरचा दंड ठोकला. तो 2009 मध्ये भरला गेला, तोही नासाकडून नाही, तर अमेरिकेतल्या एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून पैसे गोळा करून. आजीचा प्रश्न मला अवकाशयुगावरचा सर्वांत नेमका प्रश्न वाटतो.

तो पुन्हा विचारण्याची वेळ महाराष्ट्रावर 2022 च्या गुढीपाडव्याला आली. 2 एप्रिलच्या संध्याकाळी आठच्या आत जळते ठिपके रांगेने आभाळातून सरकत गेले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आसपास पोकळ गोळेही सापडले. चिनी लाँग मार्च रॉकेटच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत असं अभ्यासकांचं मत पडलं.

काकू तेव्हा गच्चीवर गुढी उतरवून झाल्यावर वाऱ्याला बसली होती. खाली सगळे उल्का, विमान, क्षेपणास्त्र म्हणत होते. काकू म्हणाली, “उल्का न्हाई बाबा. उल्का डोळा लवायच्या आत संपते. हे पश्चिमेकडून पूर्वेला सावकाश गेलं, मागं तुकडे सोडत.” ती लहानपणापासून उन्हाळाभर माळवदावर झोपलेली बाई. बाहेरून येणारी उल्का सेकंदाला किमान अकरा किलोमीटर वेगाने घुसते, बहुतेक त्याहून कितीतरी जास्त. कक्षेतून घसरलेला अवशेष आठच्या आत असतो आणि तिरका, लांबवर जळत जातो. वेग, दिशा, किती वेळ दिसलं आणि तुकडे झाले का, एवढंच तर अशा वेळी अभ्यासकांना लोकांकडून हवं असतं. काकूने न विचारता चारही सांगितलं होतं. ते मी त्याच रात्री तारीख घालून लिहून ठेवलं.