वारसा आणि मान्यता : म्हैसूरच्या गादीची कथा

राजानंतर त्याचा मुलगा राजा होतो, एवढी वंशपरंपरागत राजसत्तेची व्याख्या सोपी वाटते. परंतु राजाला मुलगाच नसला तर? असून तो अजाण असला तर? गादीवरचा पुरुष राज्य करण्यास असमर्थ ठरला तर? या अडचणी प्रत्येक घराण्यावर केव्हा ना केव्हा येतात. त्या कोण सोडवितो हे पाहिले म्हणजे खरी सत्ता कोठे वसते ते कळते. श्रोतेहो, म्हैसूरच्या वडियार घराण्याचा इतिहास या दृष्टीने फार उद्बोधक आहे.

परंपरा या घराण्याचा आरंभ १३९९ मध्ये यदुरायापासून मानते. १७६१ पासून राज्याची सूत्रे हैदरअलीकडे व पुढे टिपूकडे गेली. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणात टिपू पडला, आणि ३० जूनला इंग्रजांनी पाच वर्षांच्या कृष्णराजाला गादीवर बसविले. रक्त वडियारांचे होते; बसविणारा हात कंपनीचा होता. त्याच हाताने १८३१ मध्ये कारभार काढूनही घेतला. राजा राजवाड्यात राहिला, आणि पन्नास वर्षे राज्य इंग्रज अधिकाऱ्यांनी चालविले.

या कृष्णराजांच्या मागे औरस पुत्र नव्हता. दत्तक नामंजूर होणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. साताऱ्याची गादी १८४८ मध्ये आणि झाशीची १८५४ मध्ये याच कारणाने खालसा झाली. म्हैसूरच्या राजांनी १८६५ मध्ये चामराजेंद्रांना दत्तक घेतले तेव्हा सरकारने प्रथम नकारच दिला. पुढे १८६७ मध्ये लंडनने तो दत्तक मान्य केला. दत्तकविधानाचे शास्त्र साताऱ्याला होते तेच म्हैसूरला होते. मधल्या काळात १८५७ होऊन गेले होते, आणि मान्यता देणाऱ्याचे धोरण पालटले होते.

२५ मार्च १८८१ रोजी राज्य परत मिळाले. परंतु हस्तांतरणाच्या लेखात अट होती की, गव्हर्नर जनरलच्या मान्यतेवाचून कोणताही वारस ग्राह्य धरला जाणार नाही. वारसा कुळाचा, शिक्का परक्याचा, असा हा व्यवहार होता. त्याच वर्षी दिवाण रंगाचार्लू यांनी प्रजाप्रतिनिधी सभा भरविली. पहिल्या बैठकीस १४४ सभासद होते. त्यांना गाऱ्हाणी मांडता येत, कारभाराचा वृत्तान्त ऐकता येई. कायदा करण्याचा अधिकार मात्र नव्हता. दिवाण जबाबदार होता तो महाराजांना. १८९४ मध्ये चामराजेंद्र वारले. त्यांचा मुलगा दहा वर्षांचा होता, म्हणून राजमातेने १९०२ पर्यंत राज्य सांभाळले. पुढे हेच चौथे कृष्णराज नामांकित राज्यकर्ते झाले. विश्वेश्वरय्या हे त्यांचेच दिवाण. १९४० मध्ये त्यांच्यामागून पुतणे जयचामराजेंद्र गादीवर आले.

हे सारे जुन्या जमान्याचे, असे मात्र कोणी समजू नये. आजच्या अरब राज्यांकडे पाहा. जॉर्डनच्या १९५२ च्या घटनेने गादी अब्दुल्ला यांच्या वंशात ठेवली आणि पंतप्रधान नेमण्याचा अधिकार राजाला दिला. परंतु त्याच वर्षी राजे तलाल आजारी असल्याचे ठरवून संसदेने त्यांना दूर केले. पुत्र हुसेन अल्पवयीन, म्हणून काही महिने मंडळाने कारभार पाहिला. याच हुसेन यांनी १९९९ मध्ये भावाचे युवराजपद काढून मुलाला दिले. इस्लामी कायद्यात दत्तकाला औरस पुत्राचा हक्क मिळत नाही. त्यामुळे म्हैसूरची वाट तेथे बंद असते. भाऊ, पुतणे, चुलते यांतूनच निवड करावी लागते. कुवेतमध्ये तर २००६ साली नव्या अमिरांना प्रकृतीच्या कारणावरून संसदेनेच मतदानाने दूर केले. परंतु मे २०२४ मध्ये पुढच्या एका अमिरांनी तीच संसद विसर्जित केली आणि घटनेची काही कलमे चार वर्षांपर्यंत तहकूब ठेवली. मान्यता देणाऱ्याला घरी पाठविण्याची शक्ती ज्याच्या हाती उरते, त्याचेच राज्य खरे, एवढा बोध यातून घ्यावा.

म्हैसूरमध्ये हा प्रश्न प्रजेने सोडविला. संस्थान १९४७ च्या ऑगस्टमध्ये भारतात सामील झाले, पण जबाबदार राज्यपद्धती लगेच आली नाही. सप्टेंबरमध्ये ‘म्हैसूर चलो’चे आंदोलन उभे राहिले आणि ऑक्टोबरमध्ये के. सी. रेड्डी यांचे मंत्रिमंडळ आले. जयचामराजेंद्र १९५० मध्ये राजप्रमुख झाले, १९५६ मध्ये राज्यपाल झाले. राज्यपालपद वारशाने येत नाही. ते राष्ट्रपतींच्या नेमणुकीने येते. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने राजांची मान्यता आणि तनखे दोन्ही संपविले.

२०१३ मध्ये श्रीकंठदत्त वडियार निपुत्रिक वारले. २०१५ मध्ये त्यांच्या पत्नी प्रमोदादेवी यांनी यदुवीर यांना दत्तक घेतले आणि राजवाड्यात पट्टाभिषेक झाला. १८६५ साली याच कृत्यासाठी दोन वर्षे लंडनच्या होकाराची वाट पाहावी लागली होती. या वेळी कोणाची परवानगी लागली नाही, कारण त्या गादीबरोबर राज्य येत नव्हते. पुढे २०२४ मध्ये यदुवीर म्हैसूरहून लोकसभेवर निवडून गेले. ती जागा पाच वर्षांची आहे, आणि तिचा दत्तक घेता येत नाही.