भारतातील नोटरी व्यवस्था : उगम, अधिकार व मर्यादा

स्टॅम्पपेपरवर नोटरीचा गोल शिक्का उमटला म्हणजे जागा आपल्या नावावर झाली, अशी समजूत महाराष्ट्रातील गुंठेवारी वसाहतींत व झोपडपट्ट्यांत दीर्घकाळ रूढ आहे. आयुष्यभराची बचत अशा कागदावर लावणारी कुटुंबे प्रामुख्याने अल्प उत्पन्न गटातील असतात. ही समजूत निराधार का आहे, याचे उत्तर नोटरी या पदाच्या इतिहासात सापडते.

इंग्लंडमध्ये नोटरी नेमण्याचा अधिकार मुळात पोपकडे होता. आठव्या हेन्रीच्या काळातील १५३३ च्या कायद्याने तो कँटरबरीच्या आर्चबिशपकडे आला व त्यांच्या वतीने ‘मास्टर ऑफ फॅकल्टीज’ हा अधिकारी तो वापरू लागला. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानातील नोटरीही याच अधिकाऱ्याकडून नेमले जात. न स्वीकारलेल्या हुंडीचा निषेध नोंदविणे, जहाजाच्या नुकसानीबाबत कप्तानाचे निवेदन लिहून घेणे, परदेशी जाणारे कागद प्रमाणित करणे ही त्यांची कामे. थोडक्यात, येथे हे पद व्यापाराच्या आश्रयाने वाढले. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ ने सरकारलाही नेमणुकीचा अधिकार दिला, मात्र त्या कायद्याच्या कामापुरताच. (आज न वटलेल्या धनादेशामुळे सर्वपरिचित झालेले कलम १३८ एके काळी नोटरीचे होते. नोटरी अधिनियमाने ते रद्द झाले आणि त्या रिकाम्या क्रमांकावर १९८८ च्या दुरुस्तीने धनादेश आला.)

नोटरी अधिनियम १९५२ मध्ये संमत झाला व १४ फेब्रुवारी १९५६ पासून अमलात आला. त्याच्या कलम ८ मधील कामे बहुतांशी जुनीच आहेत : साक्षांकन, शपथ देणे, हुंडीचा निषेध, जहाजविषयक दस्त, भाषांतर. मालकी हस्तांतरित करण्याचा अधिकार त्यांत कोठेही नाही. शंभर रुपये वा अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीच्या खरेदीखताची नोंदणी १९०८ च्या अधिनियमानुसार दुय्यम निबंधकाकडेच व्हावी लागते. नोटरी सही करणाऱ्याची ओळख पटवितो. जागेचा खरा मालक कोण, हे तो ठरवीत नाही.

शेजारच्या गोव्यातील परंपरा मात्र वेगळी आहे. पोर्तुगीज अमलात नोटरी स्वतः दस्त लिही, तो आपल्या वहीत जतन करी व पक्षकारांना नक्कल देई. मृत्युपत्रे व वारसाहक्काचे दस्त आजही तेथे नोटरीसमोर होतात. २०१२ च्या कायद्यात त्यासाठी ‘विशेष नोटरी’ची तरतूद आहे. शब्द एकच असला तरी गोव्यात अशा दस्ताचा मूळ लेख दप्तरी राहतो. महाराष्ट्रातील नोटरीच्या नोंदवहीत केवळ नोंद राहते, कागद पक्षकाराच्या हाती जातो. तो हरवल्यास त्या नोंदीवरून मूळ मजकूर उभा करता येत नाही.