धाराशिव, खो-खो आणि मैदानाकाठची आजी

१/
खेळांचा इतिहास आपण बहुधा विजेत्यांच्या नावांनी लिहितो. मैदानाकाठी कोण बसले होते आणि कोणाला तिथे जागाच नव्हती, हे त्या इतिहासात क्वचितच येते. हा थ्रेड त्या काठाविषयी आहे. स्थळ : धाराशिव. खेळ : खो-खो. #थ्रेड

२/
गेल्या हिवाळ्यात सुट्टीला घरी गेले असता आम्ही पाच जण एका शाळेच्या मैदानावर मुलींचा सामना पाहायला गेलो. मामेबहीण खेळणार होती. तिकीट नाही, गॅलरी नाही. पाणी मारून बसवलेली माती, फक्कीच्या रेषा आणि दोन टोकांना दोन खांब. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. आजीने रेषेपासून चार हातांवर सतरंजी टाकली.

३/
बसता बसता ती म्हणाली, "आमच्या वेळंला जत्रंतल्या कुस्त्या देवळाच्या पायरीवरनं बघायच्या. फडाजवळ बायामाणसांनी जायचं न्हाई." तक्रारीचा सूर नव्हता, एक रीत सांगावी तसे सांगितले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा वाक्यापाशी थांबले पाहिजे.

४/
जत्रेतला कुस्त्यांचा फड म्हणजे गावाचा सामुदायिक आनंद. हलगीचा कडकडाट, लहानग्यांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, शेवटी मोठ्या इनामाची जोड. परंतु तालीम ही पुरुषांची जागा होती आणि फड हा तिचाच विस्तार. पहिली 'महाराष्ट्र केसरी' १९६१ मध्ये औरंगाबादला, म्हणजे मराठवाड्यातच झाली. महिलांची पहिली 'महाराष्ट्र केसरी' झाली मार्च २०२३ मध्ये, सांगलीला. विजेती प्रतीक्षा बागडी. मधे ६२ वर्षे गेली.

५/
आता खो-खो पाहा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये या खेळाला नियमांची चौकट दिली. पुरुषांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला भरली. १९६०-६१ मध्ये कोल्हापूरला महिलाही राष्ट्रीय मैदानात उतरल्या. कुस्तीत जे अंतर सहा दशकांचे, ते इथे एका वर्षाचे.

६/
असे का? माझ्या मते उत्तर जागेत आहे. खो-खो तालमीत नव्हे, शाळेत वाढला. ना गदा, ना गादी, ना खुराकाचा खर्च. खेळाच्या तासाला मुलगी मैदानात उतरली तर कोणाची वेगळी परवानगी लागत नसे. मात्र याच सोयीत मर्यादाही होती : शाळा सुटली की अनेकींचा खेळही सुटे.

७/
ती मर्यादा ओलांडणारे नाव याच जिल्ह्यातले आहे : सारिका काळे. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत, गुवाहाटीला, खो-खोचा प्रथमच समावेश झाला आणि त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान २२ वर्षांच्या खंडानंतर लाभला. घरच्या गरिबीमुळे कित्येक वर्षे दिवसातून एकदाच जेवण मिळत असे, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

८/
जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. फक्कीच्या रेषा आखलेल्या साध्या मैदानापासून विश्वचषकापर्यंतची वाट या जिल्ह्याने अशी दोनदा दाखवली आहे.

९/
या खेळाची नोंद ठेवण्याची पद्धतही विलक्षण आहे. संरक्षण करणाऱ्या संघाच्या तीन-तीन खेळाडूंची तुकडी मैदानात येते. त्यांतली प्रत्येक जण किती वेळ बाद झाली नाही, ते मिनिटा-सेकंदांत लिहिले जाते. म्हणजे इथे 'टिकून राहणे' हाच पराक्रम, आणि तो मोजला जातो.

१०/
आमच्या सामन्यात बहिणीच्या दोघी जोडीदारीण लवकर बाद झाल्या. ती एकटी उरली. आजीला लांबचे नीट दिसत नाही. ती सारखी विचारत होती, "हाय का गं अजून?" आई म्हणत होती, "आहे, आई, आहे." ती १ मिनिट ४० सेकंद टिकली. सामना आम्ही हरलो.

११/
दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात त्या सामन्याची ओळही नव्हती. मी वहीत तारीख, गुणफलक आणि बहिणीची वेळ लिहिली. खाली आणखी एक नोंद केली : 'आजी, वय ७८, रेषेपासून चार हातांवर.'

१२/
तुमच्या गावच्या जत्रेत, मैदानात तुमची आजी कुठे बसत असे? तिला विचारा आणि लिहून ठेवा. हा दस्तऐवज कोणत्याही अभिलेखागारात सापडणार नाही.