खोडदचे रहाटगाडगे

मराठीत आपण ‘तेवीस’ म्हणतो तेव्हा तीन आधी येतात, वीस मागून. लिहिताना मात्र दोनाचा आकडा आधी काढतो. शाळेत कित्येकांच्या तेविसाचे बत्तीस होतात ते इथेच. संगणकांच्या दुनियेतही नेमका हाच घोटाळा आहे आणि तो समजून घ्यायला जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यासारखी दुसरी जागा नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे ना!

प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मध्यभागी, बाकीच्या तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांनी ती जगभरच्या शास्त्रज्ञांना अर्पण केली. साऱ्या तबकड्यांचे संकेत जुळवण्याचे काम तेव्हा खास घडवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करी. मग जयंता रॉय, यशवंत गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात मिळणारे सुटे भाग आणि ४८ संगणकांची लिनक्स जोडणी वापरून तेच काम सॉफ्टवेअरवर आणले. त्याचा शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते हा बदल तबकड्या उभारण्याइतकाच धाडसी होता.

कारण ओझे पाहा. ३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी एका संकेताचे सेकंदाला ६.६ कोटी नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक तबकडीचे दोन संकेत, म्हणजे एकूण ६०. सेकंदाला जवळजवळ ४०० कोटी आकडे! ते क्षणभर ठेवायला संगणकाच्या स्मृतीत जी जागा राखतात, तिला ‘बफर’ म्हणतात. अशा कामात ती बहुधा रहाटगाडग्यासारखी चालते. एक जण गाडगी भरत जातो, दुसरा रिकामी करत जातो आणि शेवटच्यानंतर पुन्हा पहिले येते. भरणारा वेगाने फिरून मागून आला, तर न वाचलेल्या आकड्यांवर नवे आकडे पडतात. संगणक कुरकुरत नाही. चित्र उमटतेच, पण खोटे. आणि आकाशातला तो क्षण पुन्हा मिळत नाही.

ओळखीच्या पल्सारकडे दुर्बीण वळवून सगळी यंत्रणा ताडता येते. ‘बी ०३२९+५४’ हा पल्सार ०.७१४५ सेकंदात एक फेरी घेतो. ठोका चुकला तर काहीतरी बिघडले हे कळते, पण कोणत्या गाडग्यात ते कळत नाही. म्हणून कार्यक्रमाचा एकेक तुकडा वेगळा काढून तपासतात. त्यालाच ‘युनिट टेस्ट’ म्हणतात. चारच गाडग्यांचा छोटा रहाट करायचा आणि पाच वेळा भरायचा. पाचव्याला नकार मिळतो का? कडेच्या बाहेर ठेवलेले राखणदार आकडे जागच्या जागी आहेत का?

आता तेविसाकडे येऊ. २५८ हा आकडा दोन बाइटांत मावतो: २५६ चा एक गट आणि वर २. काही संगणक ‘१, २’ असे ठेवतात, काही ‘२, १’. उलटे वाचले की २५८ चे ५१३ होतात. अंड्याचे कोणते टोक फोडायचे यावरून भांडणाऱ्या गलिव्हरच्या गोष्टीतल्या लोकांची नावे डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये या दोन पंथांना दिली, ती आजही चालतात. आपल्या घरातले बहुतेक संगणक लहान टोकाचे. खगोलशास्त्रज्ञांचा ‘फिट्स’ हा १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला फाइल-नमुना मात्र मोठ्या टोकाचा. जीएमआरटीची निरीक्षणेही अभ्यासकांना या नमुन्यात आणता येतात.

इथे चाचणी लिहिणारा सहज फसतो. त्याने २५७ घेतला तर बाइट ‘१, १’. उलटेसुलटे सारखेच, चाचणी पास! शून्याचेही तसेच. दुसरा सापळा असा, की आपणच लिहायचे आणि त्याच यंत्रावर आपणच वाचायचे. दोनदा उलटे केलेले सुलटच दिसणार. म्हणून अपेक्षित उत्तर यंत्राला विचारायचे नाही, कागदावर काढायचे: आधी १, मग २. आणि कार्यक्रमातही बाइटांची डोळे झाकून अदलाबदल करायची नाही, कारण मोठ्या टोकाच्या यंत्रावर तीच चूक ठरते. २५८ ला २५६ ने भागायचे, भागाकार आधी ठेवायचा, बाकी नंतर. भागाकार कुठल्याही यंत्रावर सारखाच येतो.

पुढच्या दशकात जीएमआरटीचे नूतनीकरण झाले. पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला, आकडेमोडीचा मोठा भार ग्राफिक्स कार्डांनी उचलला. अशा नव्या यंत्रावरही २५८ ची चाचणी एक अक्षर न बदलता लावता येते. पहिल्या घरात १ आणि दुसऱ्यात २ आले का, एवढेच पाहायचे.